बारा सेकंदांचा धवला

म्हात्रे गेल्याचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी पडला आणि त्यावर पहिलं उत्तर आलं ते दोन हसऱ्या चेहऱ्यांचं. पाठवणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा? त्या ग्रुपवर कुणी कधी गंभीरपणे बोलायचंच नाही, आणि हरेश म्हात्रे तर सगळ्यांत कमी. पाच मिनिटांत ते चेहरे पुसले गेले आणि खाली हार घातलेला फोटो आला. झोपेतच गेला होता. मी सानपाड्याच्या घरी चहाचा कप धरून उभा होतो आणि खरं सांगतो, फोटो येईपर्यंत मीही हसतच होतो.

तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीचा, तन्वीचा, फोन आला. तिच्या चुलतभावाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला धवला म्हणायला घरात कुणी उरलं नव्हतं. आगरी घरांत हळद लागण्याआधी एखादी जाणती बाई गावच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, ते हे गाणं. शब्द तिला एका जुन्या वहीत सापडले होते, चाल मात्र येत नव्हती. "काका, माझ्या हळदीला बाबा गायले होते ना, ते तुम्ही शूट करत होता असं आई म्हणते. आहे का अजून? व्हिडिओवाल्याने त्याच्यावर डीजेचं गाणं टाकलंय." मी म्हणालो, बघतो. बघायचं काहीच नव्हतं. क्लिप माझ्या फोनमध्ये होती, आहे. त्या एका 'बघतो'वर मी नऊ दिवस काढले.

न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवणाऱ्या एका एजंटकडे आम्ही वीस-बावीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो. मी साताऱ्याचा, तो कोपरखैरणे गावातला, तिथलाच, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यावर नोकरीला लागलेल्या पिढीतला. ऑफिसात आम्ही बाकी सगळे बाहेरचे. त्यातून असेल, पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने डबा खाताना डोक्यावर नॅपकिन घेतला, नाकातून सूर काढला आणि त्याच्या आत्याचा धवला गाऊन दाखवला. आत्या त्यांच्या गावातली धवलारीण. आमची हसून पुरेवाट झाली. मग तो नेम होऊन बसला. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बदली असो, म्हात्रेचा धवला हवाच. "आपण काय, टाइमपास करतो," असं तो दरवेळी वर म्हणायचा. माझ्या एक लक्षात यायचं, की टिंगल करतानाही हा बाबा एकाही देवाचं नाव गाळत नाही.

एकदा कंटेनर अडकून पडला म्हणून आम्ही दुपारभर यार्डाबाहेर गाडीत बसलो होतो. माझा डोळा लागला असं त्याला वाटलं असावं. तो हळू आवाजात धवला म्हणत होता, नाकातून नाही, छातीतून. मी हललो मात्र, त्याने लगेच सूर चिरका केला आणि मला डोळा मारला. मी हसलो. मला विचारता आलं असतं, की हे तुला एवढं आवडतं तर सरळ आवडतं म्हण की. नाही विचारलं. कारण मीही त्याच मापाचा. संध्याकाळची रडकी मालिका मी "बायको बघते म्हणून" बघायचो आणि बायको माहेरी गेली तरी एक भाग चुकवायचो नाही. आवडतं म्हटलं की आपण उघडे पडतो. कुणी हसलं तर ते आपल्याला हसतं. मस्करीत आवडतं म्हटलं, की आधी आपणच हसून घेतलेलं असतं, मग भीती नाही.

तन्वीच्या हळदीच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. आत्याला पक्षाघात होऊन वाचा गेली होती आणि घरातल्या बायकांना चार ओळींपुढे काही येत नव्हतं. "आमच्यान पुरुस गात नाय धवला," तो म्हणाला. "बायांचा काम हाय ते. पन आते डोल्यासमोर बसलेली असेल... मी गायलो तर हसशील काय रे, कदम?" तो क्वचितच माझ्याशी गावचं बोलायचा, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "हसणार नाही तर काय रडणार?" तोही हसला आणि जागेवर जाऊन बसला.

दुपारची वेळ, मांडव भरलेला. तन्वी अजून आतल्या खोलीत. आत्या खुर्चीवर, डावा हात मांडीवर निपचित. डीजेवाला खोळंबलेला. आम्ही ऑफिसचे सहा जण पुढच्याच खुर्च्यांवर. म्हात्रे पाटाशेजारी खाली बसला, आणि ग्रुपवर टाकायला बरं म्हणून मी फोन काढला. त्याने सुरुवात केली ती गाडीतल्या आवाजात. आत्याचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. पहिल्या देवाचं नाव झालं, दुसऱ्याचं झालं, आणि मी हसलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सवय म्हणा, किंवा त्याचा तो उघडा आवाज मला सोसवला नाही म्हणा. माझ्यापाठोपाठ आमची अख्खी रांग हसली, मग मांडव हसला. म्हात्रेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि उरलेला सगळा धवला नाकातून म्हटला. लोक पोट धरून हसले. आत्याचे ओठ थांबले होते.

त्यानंतर ऑफिसात त्याने धवला कधीच म्हटला नाही. कुणी आग्रह केला तर विसरलो म्हणायचा. आम्ही पुढे चार वर्षं शेजारी बसलो, रोज डबा वाटून खाल्ला, रोज हसलो. मी माफी मागितली नाही. मागायची तर एकदा तरी गंभीर व्हावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत मी त्याच्यापाशी कधी दाखवली नाही. याची मला लाज वाटते.

परवा शेवटी क्लिप उघडली. नाकातला भाग ऐकून तन्वीने ती चाल शिकावी हे मला सहन होईना. म्हणून माझं हसू सुरू होतं तिथे ती कापली. बारा सेकंद उरले. ती पाठवली. जरा वेळाने तिचा मेसेज आला. हळदीच्या दिवशी आतल्या खोलीत तिला फक्त हसण्याचाच आवाज आला होता, बाबांनी सगळ्यांना खूप हसवलं असंच तिला वाटत आलं होतं, आणि बाबांचा हा असा आवाज तिने आज पहिल्यांदा ऐकला. खाली तिने विचारलं होतं, "एवढंच गायले का बाबा?"

मी एक गमतीचं उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "हो, एवढंच. पुढे मी हसलो."