आइलीची चारशे डॉलरच्या आतली बंदूक

रेनो कांगासला त्याची भावजय आइली कधीच आवडली नाही, आणि आइलीलाही रेनो डोळ्यांसमोर नको असायचा. अडतीस वर्षांत दोघांनी ही गोष्ट लपवली नाही. मधे अर्वो होता, रेनोचा थोरला भाऊ आणि आइलीचा नवरा, म्हणून सणासुदीला दोघं एका टेबलावर बसत. मार्चमध्ये अर्वो गेला. त्याला पुरून आलो, चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. तिथेच रेनोने तिला गाठलं.

"कॅम्पमधलं अर्वोचं सामान मी बर्फ वितळला की आणून टाकतो," तो म्हणाला. "तुला कशाला तिकडे यायचा त्रास."

"सामान तिथेच राहू दे," आइली म्हणाली. "नोव्हेंबरात मी येणार आहे. अर्वोच्या बंकवर झोपणार."

ही सगळी बोलणी माझ्यासमोर झाली, मी केक कापत होते.

कॅम्प म्हणजे तळ्याकाठचं लाकडी खोपट, फळ्यांचे सहा बंक, म्हणजे झोपायच्या जागा, आणि एक शेगडी. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणाची शिकार उघडते, तेव्हा कांगास घरातले पुरुष दोन आठवडे तिथे राहतात. ज्याचा नेम चुकून हरिण निसटतं, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं आणि नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचं. सगळे पोट धरून हसतात. पण त्यांच्या आजोबांनी एक नियम घालून दिलाय: ज्याची चिंधी भिंतीवर लागली, त्याचा बंक मरेपर्यंत त्याचा. अर्वोच्या तीन चिंध्या होत्या. आइलीची एकही नव्हती, कारण तिला कधी नेलंच नव्हतं. तिने फक्त अडतीस वर्षं पहिल्या दिवशीच्या पेस्ट्या भाजून दारापर्यंत पोचवल्या. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराची, पण वीतभर मोठी, आत बटाटा, कांदा आणि मांस.

रेनोने सरळ नाही म्हटलं नाही. तेवढा तो हुशार आहे.

"ये की," तो म्हणाला. "ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर ये. शंभर यार्डांवर खाण्याची कागदी ताटली लावतो. पाच गोळ्या झाड, चार ताटलीत घाल. मग ये. पण एकच सीझन हं. भिंतीवर चिंधी नाही, तर पुढच्या वर्षी बंक नाही."

तळघरातल्या प्रत्येकाला कळलं तो काय करतोय ते. आइलीच्या उजव्या खांद्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. अर्वोची जुनी बंदूक लाथ मारल्यासारखी खांद्यावर बसते. एक गोळी झाडून ती दुसऱ्या दिवशी केस विंचरू शकली नसती.

जुलैत ती आमच्या दुकानात आली. मी या काउंटरवर एकोणीस वर्षं उभी आहे. हातोड्या, गळ, मासे धरायचं आमिष आणि मागच्या भिंतीला बंदुका. स्वतः कधी चालवली नाही, पण कुणाला कुठली द्यावी ते कळतं.

"नेली, चारशेच्या आत सेमी दाखव," ती म्हणाली. माझं खरं नाव नलिनी, पण गावाला ते जमत नाही. "अर्वोचं बोटीचं इंजिन विकलं, तेवढेच आहेत."

सेमी मागितली यात मला नवल वाटलं नाही. तिच्यात एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत चढते, चाप मात्र दर गोळीला दाबावाच लागतो. गोळी चढवायच्या कामात धक्क्याचा काही भाग बंदूकच खाऊन टाकते. मग खांद्याला कमी बसतं.

मी तीन जुन्या सेमी काउंटरवर मांडल्या. पहिली दाताच्या डॉक्टरची, जवळजवळ कोरी, तीनशे नव्वद. दुसरी तीनशे चाळीस, दस्ता तडकलेला आणि त्यावर हिरवी चिकटपट्टी. तिसरी अक्रोडाच्या लाकडाची, चकाचक, सहाशेची. ती रेनोनेच विकायला ठेवली होती. आणि सकाळीच मला सांगून गेला होता, "आइली आली तर तिला चारशेला दे. घरातलीच आहे." त्याच्या तोंडी घरातली हा शब्द ऐकून मी मनात देवाचं नाव घेतलं.

त्याचा निरोप मी आइलीला जसाच्या तसा सांगितला. तिने तिन्ही उचलून पाहिल्या, खांद्याला लावल्या. मग म्हणाली, "तुझा आमिषाचा फ्रीझर रिकामा आहे का गं?"

"अर्धा."

"या तिन्ही आत ठेव. उद्या येते."

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला थंडी उणे दहाच्या खाली असते. ती जुलैत बंदूक घेत होती, पण झाडायची नोव्हेंबरात होती. एकोणीस वर्षांत हे मला कुणी करायला लावलं नव्हतं. बर्फातल्या माशांशेजारी मी तिन्ही बंदुका निजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती लोकरीचे जाड हातमोजे घालूनच आली. रेनोही काउंटरला टेकून उभा होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

"बंदूक घेतेस की मासळी?" तो म्हणाला.

"वास तुझ्या बंदुकीचा येतोय," आइली म्हणाली.

तिने डॉक्टरची उचलली. गोळी चढवायला मागे ओढायचा तो बोल्ट, त्याची स्प्रिंग इतकी कडक की हातमोज्याने, त्या खांद्याने, तो अर्ध्यापर्यंतही आला नाही. बाजूला ठेवली. मग रेनोची. बोल्ट मागे आला, सोडल्यावर मात्र गोगलगाईसारखा सरकत निम्म्यात थांबला. रेनो बंदुकीला तेल असं पाजतो, जसं काही तळायची आहे. ते सगळं आत गोठून बसलं होतं.

"तेल पुसलं की चालते," रेनो म्हणाला.

"मग पुसून घ्यायचीस ना. मला विकायच्या आधी."

शेवटी हिरव्या पट्टीची. ओढली, सोडली. खटाक्.

"हीच," आइली म्हणाली.

"सेमी म्हणजे नेम नसलेल्यांचं खेळणं," रेनो दारातून वळून म्हणाला. "पहिली चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी. तू तर सगळ्या रानाचीच चाळण करशील."

मी फॉर्म भरून घेतला, सरकारी चौकशीचा फोन लावला, होकार आला. बंदूक हातात देताना कुणाचं अमंगळ न होवो एवढं मनात म्हटलं. ते मी प्रत्येकाला देताना म्हणते.

ऑगस्टपासून दर रविवारी चर्च सुटलं की आइली सरावाला खडीच्या खाणीत जायची. पाचच गोळ्या, एकही जास्त नाही. जास्त परवडणाऱ्या नव्हत्या. दोन गोळ्यांच्या मधे ती हळूहळू साठपर्यंत आकडे मोजायची. मी एकदा गेले होते, मला तर झोप यायला लागली.

ऑक्टोबरच्या शनिवारी रेंजवर अर्धं गाव जमलं. तिने साठ-साठ आकडे मोजत पाच गोळ्या झाडल्या. रेनोने ताटली आणली, भोकांवरून बोट दोनदा फिरवलं. चार होती.

"एक काठावर आहे," तो म्हणाला.

"काठ ताटलीचाच असतो," आइली म्हणाली.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला पेस्ट्या पोचवायचं काम तिने माझ्यावर टाकलं. दुपारी मी पातेलं घेऊन कॅम्पच्या दारात पोचले, तर आतून रेनोचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

"चुकली! हरिण चाळीस यार्डांवर उभं होतं, माझ्या डोळ्यांदेखत! ताटली मारते म्हणे! ऐका रे, आइली चुकली!"

त्याची दोन्ही मोठी मुलं हसत होती. आइली शेगडीपाशी उभी होती. तिने शांतपणे शर्टाचं मागचं टोक विजारीतून बाहेर ओढलं आणि पाठ वळवली.

"काप," ती म्हणाली.

रेनोने कात्री उचलली आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरलं ते मी पाहिलं. मुलांचंही उतरलं.

"तसं... ते हललं असेल," तो म्हणाला. "हललेलं चुकण्यात धरत नाहीत."

"उभं होतं. तूच आत्ता ओरडून सांगितलंस. नेलीनेही ऐकलं."

"ऐकलं," मी म्हटलं.

"बंदुकीत अजून चार गोळ्या होत्या," रेनो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "पहिली चुकल्यावर हरिण पळालं, समोर मोकळं मैदान होतं. दुसरी का नाही झाडलीस?"

"एका चिंधीला एक गोळी पुरते."

कात्रीचा आवाज झाला. रेनोने चिंधीवर नाव लिहिलं, तारीख घातली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात खिळा धरला.

"तिथे नाही," आइली म्हणाली. "अर्वोच्या खाली."

रेनोने खिळा मागे घेतला. मग गेला आणि अर्वोच्या तीन चिंध्यांखाली चौथी ठोकली. हातोडा गरजेपेक्षा दोनदा जास्त मारला.

मग मागे न बघताच म्हणाला, "पेस्टी दे."

आइली बंकवर बसून बुटाची नाडी सोडत होती.

"पातेलं नेलीच्या हातात आहे," ती म्हणाली. "या घरात ज्याने त्याने आपली आपण घ्यायची."