पडंल मिस्त्रीचा खांब

मिस्त्रीला काहीही दाखवा, तो आधी डोळे बारीक करायचा, मग वस्तूभोवती एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "पडंल." नवी बाज असो, पाटलांनी औरंगाबादेहून आणलेले शिसवी कपाट असो, कुणाच्या घराचे जोते असो, निकाल एकच. एकदा एका लग्नात नवरा-नवरी बोहल्यावर उभे असताना तो "पडंल" म्हणाला. तो मांडवाबद्दल बोलत होता, पण नवरीच्या मामाने त्याची गचांडी धरली. तेव्हापासून गावाने त्याला पडंल मिस्त्री हे नाव दिले. तोंडावर कुणी म्हणत नसे, आणि पाठीमागे दुसरे नाव कुणी घेत नसे.

मला हा माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हातारपणी जुन्या माणसांवर लिहायला बसले की सगळेच देवमाणूस होऊन जातात. मिस्त्री देवमाणूस नव्हता. तो तुसडा होता, हट्टी होता, आणि समोरच्याचे बोलणे पुरे होऊ देण्याची रीत त्याला ठाऊक नव्हती. मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्या गावात मास्तर म्हणून आलो. गाव करमाडच्या पलीकडे, जालन्याच्या रस्त्यापासून आत. राज्य निजामाचे, कागद उर्दूत, शाळा मराठी, आणि ती भरायची पाटलांच्या गोठ्यात. मिस्त्रीने पहिल्या दिवशी येऊन माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मास्तर, तुमी बी टिकायचे नाय," एवढे बोलून तो गेला.

त्याची नात मुनीरा माझ्या शाळेत होती. तिचे आईबाप प्लेगात गेले, तेव्हापासून आजोबाच तिला सांभाळत होता. नऊ-दहा वर्षांची पोर, पण हिशेब तोंडी करायची, मराठी आणि उर्दू दोन्ही घडघड वाचायची. बैलांचे शेण आवरून तीच पहिल्या रांगेत जागा धरायची. त्या गोठ्यात शिकवण्याचा जो काही आनंद मला मिळाला, त्यातला अर्धा तिच्यामुळे होता.

आता चावडीबद्दल सांगायला हवे, कारण सगळे भांडण तिच्यावरून झाले. बारा सागवानी खांबांची लांबलचक चावडी, वर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचे धाबे. बांधली तेव्हा गावातल्या बारा घराण्यांनी एकेक खांब दिला होता. त्यामुळे चावडीत बोलायची रीत अशी, की ज्याने त्याने आपल्या खांबावर हात ठेवायचा आणि मग तोंड उघडायचे. खांब नाही त्याला शब्द नाही. दुसऱ्याच्या खांबाला हात लावणे म्हणजे त्याच्या बायकोला हाक मारण्यासारखे. एकाने चुकून दुसऱ्याच्या खांबाला बैल बांधला, तर त्या दोन घरांत तीन पिढ्या पाणी बंद होते.

पोळ्याला प्रत्येक जण आपला खांब जवसाच्या तेलाने चोळायचा, त्यामुळे खांब आरशासारखे लखलखत. धाबे मात्र कुणाचेच नव्हते. पावसाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकावी लागे, तर प्रत्येक जण आपल्या खांबाच्या डोक्यावर तेवढी चार घमेली ओतायचा आणि खाली उतरायचा. असे वर्षानुवर्षे चालले. धाब्यावर बारा उंचवटे झाले, आणि पावसाचे सगळे पाणी त्या बारा घराण्यांच्या मानामधून वाट काढत मधल्या तुळईवर जमू लागले. ती तुळई खाली वाकली होती. ते सगळ्यांना दिसत होते, पण तुळई कुणाचीच नव्हती.

मिस्त्रीच्या आजाने ही चावडी उभी केली होती. बाराही खांब त्याने तासले, पण त्याचा स्वतःचा एकही नव्हता. म्हणून मिस्त्री सभेला आला की उंबऱ्याबाहेर जोड्यांपाशी बसायचा. मी एकदा त्याला विचारले, याचे वाईट नाही का वाटत? तो म्हणाला, "आत बसणाऱ्याला वर बघता येत नाय, मास्तर. भायेरून समदं दिसतं."

शाळाखात्याचे मोहतमीम, म्हणजे आमच्या शाळांची तपासणी करणारे साहेब, त्यांचा हुकूम आला आणि ठिणगी पडली. शाळा गोठ्यात चालणार नाही, दोन महिन्यांत गावाने पक्की इमारत दाखवावी, नाहीतर शाळा दुसऱ्या गावी जाईल. मी पाटलांकडे धावलो. पाटील म्हणाले, चावडी देऊन टाकू. त्यांना शिक्षणाचे फारसे सोयरसुतक नव्हते, साहेबाचा मुक्काम आपल्या घरी पडावा एवढीच इच्छा. पाटील हो म्हणाले म्हणताच खालच्या आळीचे शेषराव नाही म्हणाले. त्यांचे म्हणणे, चावडी मोडा आणि ज्याचा खांब त्याने न्यावा. त्यांना नवे घर बांधायचे होते. सहा खांब पाटलांकडे, सहा शेषरावांकडे. चार सभा झाल्या. पहिल्या सभेत बोलाचाली, दुसरीत शिव्या, तिसरीत शेषरावांचे पागोटे उकिरड्यावर गेले, चौथीला पाटलांच्या गड्यांनी काठ्याच आणल्या. लेकरे गोठ्यातच होती, आणि त्यांचे नाव कुणाच्याही तोंडी नव्हते.

शेवटी दोन्ही बाजू एका गोष्टीवर आल्या. मिस्त्रीने तुळई तपासावी, आणि तो म्हणेल तसे करावे. मिस्त्री वर चढला, लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीने तुळई ठोकून पाहिली, कान लावला, खाली उतरला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"पडंल," तो म्हणाला.

"म्हंजे मोडायची?" शेषराव खुश झाले.

"मोडायची नाय. आधी धाबं उतरवा, समद्यांनी मिळून. तुळई बदला. मंग शाळा घाला, न्हाईतर कायबी घाला."

सगळ्यांनी मिळून! त्या गावात हे म्हणणे म्हणजे नदीला उलटे वाहायला सांगणे. पाटलांना वाटले, याला शेषरावांनी फितवले. शेषरावांना वाटले, पाटलांनी. दोन्ही बाजूंनी तो शिव्या खात बसला.

मुदत संपत आली होती. शेषराव नको म्हणत असतानाच पाटलांनी साहेबांना चावडीच दाखवायची ठरवली. मी त्याच्या घरी गेलो, हात जोडले. चावडी पक्की आहे असा अर्ज साहेबांकडे धाडायचा होता, त्यावर त्याचा अंगठा हवा होता. एक पावसाळा निघाला की दुरुस्ती करू, म्हणालो. तो कुळवाची दांडी तासत होता, त्याने मानही वर केली नाही. मी मुनीराचे नाव काढले, पोरगी किती हुशार आहे ते सांगितले. त्यावर तो एवढेच म्हणाला, "तिचं नाव मधी घेऊ नका. घरी जा."

मी चिडून घरी गेलो आणि मला आजही सांगायला लाज वाटते ते केले. अर्जात लिहिले, "इमारत पक्की, पुख्ता आहे. गावच्या मिस्त्रीने स्वतः वर चढून तपासली आहे." दुसरे वाक्य अक्षरशः खरे होते. त्या खरेपणाच्या आड मी पहिले खोटे लपवले आणि शांत झोपलो.

तपासणीच्या दिवशी मोहतमीमसाहेब सकाळीच आले. चावडी शेणाने सारवली होती, पताका लावल्या होत्या. साहेबांची खुर्ची मधोमध, कारण सतरंजी तिथेच नीट बसत होती. त्यांच्यासमोर पोरे ओळीत बसवलेली, पहिल्या रांगेत मुनीरा. बारा जण आपापल्या खांबाला टेकून एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत होते. साहेबांनी कागद उघडला, शाई मागवली. शिक्का पडणार तेवढ्यात दारात खरडत येणारा आवाज झाला.

मिस्त्री बाभळीचा एक ओबडधोबड बुंधा ओढत आत येत होता. त्या उंबऱ्याच्या आत त्याला मी पहिल्यांदाच पाहिले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. तो सरळ मध्यभागी आला आणि साहेबांना म्हणाला, "हुजूर, कुर्सी जरा सरकवा."

साहेब बिचारे उठले. मिस्त्रीने बुंधा वाकलेल्या तुळईखाली उभा केला, वर पाचर घातली आणि मोगरीने ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला वरून माती गळत होती, साहेबांच्या शेरवानीवर, पोरांच्या डोक्यांवर. मग त्याने मोगरी खाली ठेवली आणि त्या बुंध्यावर हात ठेवला.

"ह्यो मपला खांब. आता बोलू का?"

पाटील ओरडले, "काढा रे ते लाकूड!" पण एकही जण उठला नाही. सहाही नाही, बाराही नाही. दुसऱ्याच्या खांबाला हात कोण लावणार?

मिस्त्री माझ्याकडे वळला. "मास्तर, अर्जी तुमी लिवली. शाळा तुमी भरवणार. ह्या तुळईखाली पयल्या रांगेत कोण बसंल? नावं सांगा."

मी पटावर नावे लिहून वीस पोरांना हजेरीला उभे करणारा माणूस. सगळी नावे जिभेवर होती. पहिले नाव मुनीराचे होते, आणि ती माझ्याकडे पाहत होती, केसांत पांढरी माती. मला ते नाव घेता येईना. साहेब म्हणाले, "जवाब दीजिए, मास्टर."

मी म्हणालो, "साहेब, इमारत पुख्ता नाही."

साहेबांनी वर पाहिले, बराच वेळ पाहिले. मग कागद दुमडून खिशात ठेवला आणि पोरांना बाहेर काढायला सांगितले. ते मला काही बोलले नाहीत, त्यांचा मोठेपणा. पाटलांकडचे जेवणही त्यांनी घेतले नाही, म्हणून पाटलांनी पुढे आयुष्यभर मिस्त्रीला क्षमा केली नाही.

महिन्याभरात हुकूम आला. शाळा दोन कोसांवरच्या गावी, मीही तिकडेच. आता गावाला भांडायला एकच माणूस उरला, मिस्त्री. पाटलांची औते दुरुस्तीला करमाडला जाऊ लागली, शेषरावांनीही त्याला काम देणे बंद केले. शेषरावांना वाटत होते, आता तरी चावडी मोडून खांब नेता येतील. पण एक खांब काढायचा तर टेकू हलवावा लागणार, आणि टेकू मिस्त्रीचा. त्याने हात लावू दिला नाही. "आधी धाबं उतरवा, मिळून," एवढेच तो म्हणायचा. मिळून काही होईना, म्हणून चावडी तशीच उभी. तेव्हा तर वाटे, या माणसाला कुणाचे भले बघवतच नाही. त्याच्या दारावरून जाताना मी खाकरून थुंकतही असे. लिहिले हे बरे झाले.

निघायच्या दिवशी गाडी जुंपली, पेटी चढवली, पण राग पोटात मावेना. त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय जायचे नाही म्हणून मी त्याच्या दारात गेलो. तो ओट्यावर बसला होता, समोर काम नव्हते, हात रिकामे.

"मिस्त्री, तुमच्यामुळे शाळा गेली."

"व्हय. गेली."

"पोरांनी काय करायचे आता?"

"पोरं जातील चालत. दोन कोस लई न्हाईत." तो थांबला. "मुनीरा जाणार नाय. मधी वढा हाये, रान हाये. एकली पोर म्या कशी धाडू? आन मपले गुडघे रोज दोन कोस चालायचे ऱ्हायले नाईत."

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. सगळ्या गावात शाळा खऱ्या अर्थाने एकाच घराची गेली होती.

"तुम्हाला हे आधी..."

"बाभळ तोडली तवाच ठाऊक व्हतं," मिस्त्री म्हणाला. "तीन दिस तोडत व्हतो. एका दिसाचं काम."

तेवढ्यात मुनीरा आतून आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेले पुस्तक होते. वाचनाचे, शाळेचे. तिने फडके सोडले, पुस्तक पुसले आणि माझ्यापुढे धरले. "मास्तर, हे शाळेचं हाये. ऱ्हाऊन गेलं व्हतं माझ्याकडं."

आणि मी ते घेतले. शाळेच्या सामानाच्या यादीत ते होते, एक कमी भरले असते. "शाबास," असेही म्हणालो. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. ज्या नजरेने तो तुळया बघायचा तीच नजर.

ओढा उतरल्यावर पुस्तक मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा विचार केला, की मी ते तिच्याजवळ राहू देऊ शकलो असतो. यादीत 'फाटले' असे लिहिले असते, तर जगातल्या कुठल्याही साहेबाने विचारले नसते. चावडीसाठी मी एवढे मोठे खोटे लिहिले होते, आणि तिच्यासाठी एक शब्द मला सुचला नाही. गाडीवाल्याने विचारले, काही विसरले का मास्तर, वळवू का? गाव अजून दिसत होते.

मी नको म्हणालो.