वाळवंटातले मॅट अंकल

मॅट अंकल वाळवंटात काखेत हिरवी चटई मारून हिंडायचे. दोन वीत लांबीचा नकली गवताचा तुकडा होता तो. गोल्फचा बॉल पडेल तिथे ते तो वाळूवर अंथरत, त्यावर बॉल ठेवत आणि मगच मारत. खरं नाव पास्कल, गाव वसई, नोकरी आखातात, रुवैसला, ड्राफ्ट्समनची. पण ही मॅट कधी सुटली नाही, म्हणून सगळ्यांचे ते मॅट अंकल.

मी पुण्याहून रुवैसला नवाच आलो होतो. इंजिनिअर, एकटा, सुट्टीचा शुक्रवार अंगावर यायचा. काही हौशी लोकांनी गावाबाहेर वाळूतच नऊ होल्सचा कोर्स आखला होता. गवताचं पातंही नव्हतं. होलभोवती तेल घालून दाबलेली वाळू असे, तिला हिरवळीच्या ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ म्हणायचे. अंकलनी मला तिथे नेलं आणि मनगटं धरून शिकवलं. माझा बॉल चार पावलंसुद्धा गेला नाही की म्हणत, “वाळूला राग नसतो. परत मार.”

खेळताना त्यांची टकळी चालू असे. त्यांना हा खेळ एका स्कॉटिश इंजिनिअरने शिकवलेला, आणि त्याच्या सगळ्या गोष्टी यांना पाठ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, जिथे शेती होत नाही अशा रेताड जमिनीवर गोल्फ वाढला. तिथल्या राजाने एकदा त्यावर बंदी घातली, कारण लोक धनुष्यबाण सोडून यातच रमायला लागले. पुढे तिथला माणूस जिथे नोकरीला गेला तिथे खेळ घेऊन गेला. ब्रिटनबाहेरचा जुन्यात जुना क्लब आपल्या कलकत्त्यातला. “आपणपण नोकरीलाच आलोय ना इथे?” ते म्हणायचे. “मग लाजायचं कशाला? खेळ आपलाच.”

पुढे मी दुबईला आलो. बढती मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली. कंपनीने हिरव्यागार कोर्सची मेंबरशिप दिली. अंकलचे फोन यायचे. मी मीटिंगमध्ये असायचो.

एकदा क्लायंटबरोबरच्या खेळात चौथा माणूस आयत्या वेळी गळला. अंकल व्हिसा कॅन्सल करून वसईला परतायच्या तयारीत होते, जाण्याआधीच्या खरेदीसाठी दुबईतच आले होते. मी त्यांना बोलावलं. कडक इस्त्रीची पँट घालून ते अर्धा तास आधीच हजर होते.

दुसऱ्या शॉटला, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांनी बॅगेतून मॅट काढली आणि त्या मऊ गवतावर अंथरली. क्लायंट हसायला लागले. एकाने मला विचारलं, तुमचे दोस्त का?

मी म्हणालो, नाही, आमच्या रुवैसच्या स्टोअरमध्ये होते. कोर्स बघायचा होता म्हणाले, म्हणून आणलं.

अंकल दोन हात अंतरावरच उभे होते. त्यांनी बॉल खिशात टाकला, मॅट उचलली, झटकली, आणि त्या गृहस्थांना म्हणाले, “जी सर. साहब बडे अच्छे हैं, ले आये.”

ज्या माणसाने माझी मनगटं धरली होती, त्याने मला साहेब म्हटलं होतं. त्यानंतर त्यांनी स्वतःचा बॉल परत बाहेर काढलाच नाही. प्रत्येक होलला पुढे जाऊन ते आमच्यासाठी झेंडा धरून उभे राहिले. अठराव्या होलपर्यंत एकदाही मी त्यांना नको म्हटलं नाही. पार्किंगमध्ये सॉरी म्हणावं म्हणून वळलो, तर ते टॅक्सीत बसत होते. आठवड्याने ते भारतात गेले. मी विमानतळावरही गेलो नाही.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा सुट्टीत मी वसईला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने मला नावावरूनच ओळखलं.

“शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे,” त्या म्हणाल्या. “माझ्या शिष्याने मला दुबईच्या गवतावर खेळायला नेलं, मोठ्या साहेब लोकांबरोबर. अख्खे अठरा होल्स खेळलो. तुमचे उपकार आहेत, भाऊ.”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी केकची बशी पुढे केली. मी एक तुकडा उचलला आणि म्हणालो, “छे, छे, उपकार कसले.”