सूपभर कोंड्याला दिलेली पोर

चोऱ्या, मारामाऱ्या, दोन खून, एक दरोडा, असं नोकरीत सगळं पाहिलं. पण कोणती केस डोक्यातून गेली नाही असं कोणी विचारलं, तर मला बालाघाटच्या रेस्ट हाऊसमधली ती दोन वर्षांची पोर दिसते. त्या केसमध्ये ना गुन्हा होता, ना आरोपी. तरी त्या दिवसाइतका मी कधी चक्रावलो नाही.

मी चौथी पास. कॉन्स्टेबलपासून चढत चढत जमादार झालो आणि ते मी लपवत नाही. माझ्या हाताखाली मॅट्रिक झालेली पोरं होती, त्यांना रपट लिहायला मीच शिकवलं. आमचा जिल्हा नागपूर सोडून भोपाळकडे गेला, त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. घरी बोलणं मराठीत, ठाण्याचा रोजनामचा हिंदीत आणि वरचे बरेच कागद इंग्रजीत. पहिल्या दोन्हीत मी कोणाला हार गेलो नाही. तिसरं मला येत नव्हतं. ते येत नाही हे ठाण्यात कोणाला कळू नये, याची मी फार काळजी घेत होतो. ही केस तिथेच बिघडली.

इन्स्पेक्टर साहेब बैहरकडे दौऱ्यावर होते. चार्ज माझ्याकडे. सकाळची हजेरी झाली आणि रेस्ट हाऊसचा चौकीदार सायकल दामटत आला. म्हणाला, दोन दिवसांपासून एक गोरा आणि एक गोरी मुक्कामाला आहेत. त्यांच्याजवळ आपल्या लोकांची एक काळी-सावळी पोरगी आहे. आज पहाटे भरवेलीच्या खाणीकडून एक म्हातारी आली, तिनं मागच्या व्हरांड्यात ती पोर आधी आपल्याकडे घेतली, मग गोरीच्या हातात दिली आणि बदल्यात पदरात काहीतरी घेऊन निघून गेली. चौकीदारानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. अकराच्या लहान रुळांच्या गाडीनं ते लोक गोंदियाला जाणार, तिथून मुंबई, आणि मग विमान.

त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्यांची आवई दर वर्षी उठायची. इथे तर साक्षीदारच समोर उभा होता. मी दोन शिपाई घेतले आणि निघालो. जाताना मनात पोर पळवल्याचं कलम ठरवून टाकलं होतं, तीनशे त्रेसष्ट.

गोरा उंच, चष्म्याचा, कुठल्या तरी थंड देशातला शाळामास्तर. त्या देशाचं नाव मला अजूनही नीट म्हणता येत नाही. बाई पस्तिशी ओलांडलेली, कपाळावर घाम, आणि पोर तिच्या कडेवर. मी पोरीकडे बोट केलं. बाईनं एक लहान वही काढली, त्यातून शोधून हिंदीत वाचलं, "यह हमारी बेटी है." आजवर ऐकलेल्या खोट्यात इतकं साधं खोटं मी ऐकलं नव्हतं. पोरीचा रंग, नाक, केस, सगळं भरवेलीचं.

गोऱ्यानं बॅगेतून एक कागद काढला. इंग्रजी, टाइप केलेला, खाली गोल शिक्का. मी तो कागद हातात धरला, वरून खाली डोळे फिरवले, जितका वेळ वाचायला लागला असता तितका वेळ धरला. माझे दोन्ही शिपाई पाहत होते. मग घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "ये कागज नहीं चलेगा." तो माणूस काहीतरी बोलत राहिला. घड्याळावर बोट आपटत राहिला. पण मी एकदा बोललो की बोललो.

व्हरांड्यात सूप पडलं होतं. त्यात थोडा धानाचा कोंडा आणि पोरीच्या पायांचे दोन ठसे. पंच बोलावून पंचनामा केला, सूप आणि कोंडा जप्त केला, सील लावलं. अकराची गाडी गेली तेव्हा ती तिघं माझ्या ठाण्यात बाकावर बसली होती.

भरवेलीच्या म्हातारीला आणायला शिपाई पाठवला. ती मँगनीजच्या खाणीवर दगड निवडायच्या कामाला होती, हात कोपरापर्यंत काळे. तिची माणसं तुमसरकडची, कधीतरी खाणीपायी इकडे आलेली. पदराच्या गाठीत तिनं काय घेतलं ते मी पंचांसमोर सोडवलं. कोंडा निघाला. नुसता कोंडा. मी तो टेबलावर पसरला, बोटांनी चाळला, सोनं-नाणं काही लपवलं असेल म्हणून. काही नव्हतं. पोर विकून कोंडा कोण घेतं, हे मला कळेना.

चौकशीचा माझा नियम असा की माणसांना वेगवेगळं बसवायचं आणि गप्प माणसाला आधी धरायचं. बडबड्या माणसाला थांबवलं की तो आपणच सांगतो. म्हातारी गप्प होती. मी विचारलं, ही पोर कोणाची? तिनं काळं बोट दारातून बाकावरच्या मेमसाबकडे केलं. मी आवाज चढवला, तुझी कोण लागते? म्हणाली, कोणी नाही. मग पहाटे काहून गेलतीस? त्यावर ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली, जसा काही मीच वेडा आहे.

मला वाटलं, शिकवून आणलेली आहे. असं असलं की माझ्याकडे एक उपाय होता, आणि तो कधी फसला नव्हता. लहान पोर मधे सोडायचं. ते ज्याचं असेल त्याच्याकडे जातं. मी गोऱ्याला आणि मेमसाबला आत बोलावलं, तिला खुणेनं पोर खाली ठेवायला लावली.

पोर एक मिनिट उभी राहिली. मग दुडूदुडू चालत म्हातारीकडे गेली आणि तिचा पदर धरला. मी शिपायाकडे विजयी नजर टाकली. पण म्हातारीनं हात दोन्ही काखेत दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पोर पदर ओढते, रडते, आणि ही तिला हात लावत नाही. तिकडे मेमसाब उठली, पण माझ्या भीतीनं पुढे येईना. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. गोऱ्यानं तिचा खांदा धरला होता.

ज्याला पोराचं काही वाटत नाही तो माणूस रडतं पोर सहज उचलतो, दुसऱ्याच्या हातात देतो. ही मात्र हात लागेल या भीतीनं भिंतीला चिकटली होती. काखेत दाबलेले तिचे हात मला दिसत होते. तिथे माझं डोकं पहिल्यांदा थांबलं.

"घे ना वो बाई," म्हातारी भिंतीकडे पाहतच मेमसाबला म्हणाली. "रडून राह्यली तुही पोर."

मेमसाबला शब्द कळले नाहीत, पण ती धावली आणि पोर उचलली.

मी शिपायांना बाहेर पाठवलं. म्हातारीला पाणी दिलं आणि बिडी दिली. मग ती बोलली. पोर तिच्या लेकीची. लेकीची पहिली तीन पोरं वर्ष-वर्षाची होऊन गेली. ही चौथी झाली आणि लेकच गेली. जावई आधीच कुठे निघून गेला होता. खाणीवर जाताना तान्ही कोणाजवळ ठेवणार, म्हणून मिशनच्या अनाथालयात नेऊन दिली. महिन्यातून एकदा चालत पाहायला जायची. आता तिथल्या बाईंनी सांगितलं की हिला समुद्रापलीकडचे आई-बाप मिळाले. म्हणून ती पहाटे सूप-कोंडा घेऊन रेस्ट हाऊसवर गेली, मेमसाबला खुणांनी समजावलं आणि आमच्या बाजूला करतात तसं केलं.

"आमच्या घरचं काही टिकत नाही, जमादार साहेब," ती म्हणाली. "आता इकली. आमची राह्यलीच नाही. मंग तिले काहून कोणी नेईल?"

मला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे नवं पोर सुपात ठेवतात आणि कोंड्याला, पसाभर धान्याला दुसऱ्या बाईला विकतात. मग ते पोर आपलं नाही असं समजायचं, आपलं म्हणायचं नाही, म्हणजे नेणारा काळ फसतो. नाव कोंड्या ठेवतात, कचरू ठेवतात. अशा कोंड्या-कचरूंच्या नावाचे किती समन्स मी स्वतः बजावले होते. घरच्यासारखी गोष्ट, पण घेणारी गोरी दिसली आणि मला फक्त कलम दिसलं. मी म्हातारीला तसं सांगितलं नाही. म्हणालो, आधी बोलायला काय झालं होतं?

"तुमाले ठाऊक असंल असं वाटलं," ती म्हणाली. मग बिडीचा धूर सोडून म्हणाली, "तुमच्या मायनं तुमाले नसंल इकलं. तिले भरवसा असंल, याले कोणी नेत नाही."

दुसरं कोणी असतं तर मी कानाखाली दिली असती.

विक्री नाही हे कळलं, पण पोर कोणाच्या हवाली करायची हे कळलं नव्हतं. कागद माझ्या खिशातच होता. शेवटी चारच्या सुमाराला मी एकटा कोर्टात गेलो. तिथले जज साहेबांचे कागद सांभाळणारे पेशकार आपलेच मराठी, दोन पिढ्या सरकारी नोकरीत. मी विचारलं, "ही सही जज साहेबांचीच ना?" त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला न विचारता सगळा मजकूर मराठीत सांगून टाकला. जिल्हा कोर्टानं या नवरा-बायकोला पोरीचे पालक नेमलं आहे, देशाबाहेर न्यायला परवानगी दिली आहे.

"म्हणजे पोर यांची दत्तक झाली?" मी विचारलं.

"नाही. आपल्या कायद्यात त्यांना दत्तक घेता येत नाही. इथे ते पालक. तिकडे गेल्यावर त्यांचं कोर्ट दत्तक देईल."

"मग आज ती कोणाची?"

पेशकारांनी कागदाची घडी केली. "आज कोर्टानं दिली म्हणून यांची, एवढं समजा. आणि जमादार, हा कागद सकाळीच आणला असतात तर गाडी मिळाली असती त्यांना."

मी कागद खिशात घातला आणि निघालो. ठाण्यात येऊन त्या दोघांना कागद परत दिला. माफी मागितली नाही. माझ्या नोकरीत मी कोणाची मागितली नाही आणि कोणत्या भाषेत मागायची हेही ठाऊक नव्हतं. गोऱ्यानं बोटांनी समजावलं की मुंबईच्या विमानाला अजून वेळ आहे, उद्याची गाडी मिळाली तर जमेल. मेमसाबनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती आणि झोपेत तिच्या गळ्यातली साखळी मुठीत धरली होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी वर्दी घालून स्टेशनवर गेलो. ड्युटी नव्हती. म्हातारी आली होती, पण प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, कुंपणाला टेकून बसली होती. पोर दिसेल इतकी जवळ आणि पोरीला दिसणार नाही इतकी दूर. मी तिच्याकडे गेलो.

"ए बाई, रिकामी काय बसली आहेस? यांचं सामान तपासायचं आहे. मेमसाबची पोर धर जरा."

तिनं मान वर केली. "कोणाची?"

"मेमसाबची. तुही आहे म्हटलं का मी?"

ती उठली, काळे हात लुगड्याला पुसले, दोनदा पुसले. मी मेमसाबला खुणेनं सांगितलं. काल मी तिला रडवलं होतं, तरी तिनं म्हातारीचं तोंड पाहिलं आणि पोर लगेच तिच्या हातात दिली. दुसऱ्याची पोर धरायला काही मनाई नव्हती.

सामान म्हणजे एक पेटी आणि एक पिशवी. मी ती पेटी प्लॅटफॉर्मवर उघडली. एक एक कपडा बाहेर काढला, झटकला, परत घडी घातली. लहान लोकरीचे मोजे होते, तेही उलटे करून पाहिले. गार्ड शिट्टी तोंडात धरून आला, विचारू लागला. मी म्हणालो, तपासणी चालू आहे. तो दोनदा आला, मी दोनदा तेच सांगितलं. मागे वळून मी पाहिलं नाही. फक्त पोरीचं हसणं ऐकू येत होतं. आणि म्हातारी तिला खाणीतल्या बायकांबद्दल काहीतरी सांगत होती, परक्या पोराला सांगावं तसं, मोठ्यानं.

या केसनं मला काय शिकवलं, असं घरची पोरं विचारतात. कागद हातात आला की आधी कोणाकडून तरी वाचून घ्यावा, लाज दुसऱ्या दिवशी धरावी, हे तर शिकवलंच. बाकीचं मला अजून नीट सांगता येत नाही. कोर्टानं एक सांगितलं, म्हातारीनं एक, त्या बाईच्या वहीतल्या ओळीनं एक. मी सगळं खोटं धरून दिवसभर तपास केला, आणि खोटं त्यात काहीच नव्हतं. पोरगी पुढे कशी निघाली, मला ठाऊक नाही. ठाण्याला कोण पत्र लिहितं?

त्या दुपारी रोजनामच्यात मी नोंद केली, माझ्या हातानं, हिंदीत. सामानाच्या तपासणीसाठी गाडी सहा मिनिटं थांबवली. आक्षेपार्ह काही मिळालं नाही.