सुधाकरचं काळवण

सुधाकर गेल्याचं मला कोराडीच्या बसच्या कंडक्टरकडून कळलं. शाळा सुटल्यावर त्याला बघायला जायचं म्हणून मी बर्डीच्या स्टॉपवर उभा होतो. "मास्तर, तुमचे ते नकाशेवाले साहेब गेले ना सकाळी," एवढं बोलून त्यानं घंटी मारली. मी बसमध्ये चढलोच नाही. काविळीनं आठ दिवसांत माणूस संपला होता. त्याला आता दीड महिना होतोय.

सुधाकर कोराडीच्या वीज केंद्रात ड्राफ्ट्समन होता. मूळचा खाप्याचा, विणकराच्या घरचा. यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी तंत्रज्ञ जाताना एका खेळाचं इंग्रजी पुस्तक मागे टाकून गेला, ते याच्या हाती लागलं. त्या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं जागा रचायची आणि तिचं वर्णन करायचं. बाकीच्यांनी त्या जागेतली माणसं व्हायचं, आपण काय करतो ते सांगायचं, आणि अडलं की फाशांनी ठरवायचं. दर रविवारी दुपारी त्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं बसायचो. तो, मी आणि त्याच्याच खात्यातला वेल्डर मेश्राम.

सुरुवातीला त्यानं पुस्तकाबरहुकूम पडका किल्ला, वटवाघळं, काळा झगा घातलेला सरदार असं सगळं आणलं. मेश्राम खो खो हसला. "याले कोन भिते गा? असा सरदार मी जनमात पायला नाही." सुधाकर ओशाळला. मग महिनाभर त्यानं आम्हाला बोलावलंच नाही. बोलावलं तेव्हा समोर काळवण होतं.

काळवण हे त्यानं रचलेलं नदीकाठचं गाव. तिथे तुळशीवर राख पडायची. रिकाम्या घरांतून माग चालल्याचा आवाज यायचा आणि आत गेलं की माग थंड असायचे. पोस्टमन मेलेल्यांच्या नावाची पत्रं आणायचा आणि लोक ती मुकाट्यानं घ्यायचे. एकेका घराचा नकाशा त्यानं ट्रेसिंग पेपरवर मापात काढला होता. एका जिन्याची नववी पायरी इंचभर उंच ठेवली होती. "हे आम्हाले कुठं दिसते?" मी विचारलं. "तुमाले नाही दिसत. मले मालूम पायजे," तो म्हणाला. भूत मात्र त्यानं कधीच दाखवलं नाही. "भूत दिसलं का भेव संपते, मास्तर. जागा भेवाची पायजे."

एका रविवारी आम्ही काळवणातल्या एका लांबट घरात शिरलो. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून कुणीतरी हळू आवाजात हाक मारत होतं. "जराशीक बस ना..." सुधाकर हे खाली मान घालून बोलला आणि थांबला. मेश्राम माझ्याकडे बघायला लागला. फासे माझ्या हातात होते, पाळी माझी होती.

माझी आई शेवटची दोन वर्षं भ्रमात होती. रस्त्यावर निघून जायची. म्हणून शाळेत जाताना मी तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायचो. एक दिवस परत आलो तर ती दाराला टेकून बसलेली, गार. दुपारपर्यंत हाका मारत होती, असं शेजारच्यांनी सांगितलं. हे मी आयुष्यात एकट्या सुधाकरला सांगितलं होतं.

"तू माणूस नाहीस," मी म्हणालो, फासे टाकले आणि निघालो. चार महिने मी कोराडीला गेलो नाही. त्याच्या दोन चिठ्ठ्या न वाचता फाडल्या.

मग एकदा शाळा सुटली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. सावनेरची बस धरून आलो म्हणाला. मला रस्त्याच्या कडेला घेऊन गेला. मग म्हणाला, "ते तुयं दार नव्हतं गा. मायं होतं." त्याची शांता नावाची मोठी बहीण होती. तिला क्षय झाला. धाकटी भावंडं आत जाऊ नयेत म्हणून तिच्या खोलीला बाहेरून कडी असायची. ताट ठेवायचं काम याच्याकडे. "ती म्हने, सुधा, जराशीक बस ना. मी ताट सरकवू, कडी लावू आन् पळू. तिनं रोज म्हटलं, मास्तर. मी एकही दिवस बसलो नाही." तिच्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो. मेश्रामही आला. त्याच घरात, त्याच दारापाशी आम्ही पुन्हा उभे राहिलो. या वेळी मी सांगितलं, "मी कडी काढतो."

सुधाकरनं वही उघडली. पान पालटलं, परत मागे आणलं. "पुढचं लिवलं नाही," तो म्हणाला. "लय येळा बसलो लिवाले. मले नाही होत." मेश्रामनं फासे उचलून डबीत ठेवले. काळवण तिथेच राहिलं. आम्ही नंतरही जमलो, पण चहा पीत बदल्या-बढत्यांचं बोलत राहिलो. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मग काविळीनं त्याला गाठलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोला, कुसुमवहिनींना, भेटायला गेलो. क्वार्टर सोडायचं म्हणून सामान बांधलेलं होतं. निघताना त्या आतल्या खोलीच्या चौकटीशी थांबल्या. तिथे स्क्रूची चार भोकं पुट्टीनं बुजवलेली होती. दुसऱ्या खोलीलाही तशीच. "लग्नाच्या पयल्याच आठवड्यात त्याईनं आतल्या दाराच्या साऱ्या कड्या काढून टाकल्या," वहिनी म्हणाल्या. "किती डाव इचारलं, काहून? कधी सांगतलं नाही. आता हे सरकारी क्वार्टर, कड्या नाही म्हून माणसं मलेच इचारतीन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाले मालूम आहे का, भाऊजी?"

शेवटच्या बसला अजून अवकाश होता. मी पायातल्या चपला काढल्या आणि पुन्हा आत येऊन बसलो. "बसा वहिनी," मी म्हणालो. "सुधाकरले एक बहीण होती. शांता तिचं नाव."