न फाटनारी साडी

त्या दिवशी खळ्यावर आमी पाच जनं हुतो. मी, माजं मालक, माजा धाकला दीर, त्येची बायकू म्हंजे माजी जाऊ, आनि मशीनवाला. सहावं कुनी न्हवतं. हे आदी सांगते, कारन मागनं गावात लई जनं म्हनायला लागली की आमी डोळ्यानं बगितलं. त्येंच्यातल्या कुनी बगितलं न्हाय. आमी पाचांनीच बगितलं.

आमचं रान माढ्याकडं. आता थोरला लेक सोलापुरात कामाला हाय म्हनून मी बी चार म्हैनं तिकडं, आठ म्हैनं हिकडं असती. हे झालं तवा मी साठीला आल्ते आनि जाऊ चव्वेचाळीस वरसाची हुती.

मी लुगडंच नेसते. नऊवारी, सुताचं, मागं काष्टा. मला दुसरं काय नेसता यीत न्हाय. जाऊ लगीन हून आली तवापास्नं गोल साडी नेसायची, पन तीबी जाडीभरडी, घामानं अंगाला चिकटनारी. तिचं म्हायेर केमला. तितं तिच्या भाच्याचं लगीन निगालं, तर तिच्या भनी जॉर्जेटच्या साड्या नेसून आल्या. हलक्या, फुलाफुलाच्या. ही बसली त्येंच्यात तिची ती जाड साडी नेसून. धाकली भन सगळ्यांम्होरं म्हनली, "आगं, तू तर आमच्या आईची सासू दिसतीस की!" सगळ्या हासल्या. हीबी हासली.

मग सोलापूरला काय कामाला गेली ती नव्या पेठंतनं तीन जॉर्जेटच्या साड्या घिऊन आली.

मी म्हनलं, "ह्या वयात आता कुनाला दावायची हाय?"

"मला सवताला दावायची हाय, आक्का. आरशात."

"आरसा टीचभर हाय आपला. निसतं तोंड दिसतंय."

"मग तोंडाला दावीन."

असं तिचं बोलनं. खोटं कशाला सांगू, एकदा घरात कुनी नसताना मीबी त्यातली एक अंगावर धरून बगितली. गार लागली, पान्यासारकी. वजनच न्हाय. पुन्ना तशीच घडी घालून ठिवली आनि तिला काय बोलले न्हाय.

आमच्याकडं साडीचं असं असतं. नवी असंल तवर लगनाला, जत्रंला. जुनी झाली की घरात. त्येच्यापरीस जुनी झाली की रानात. रानात ती काट्यानं, कडब्यानं फाटती, मग वाकळंला जाती. पन ही जॉर्जेटची फाटंचना. तीन वरसं झाली, रंग उडाला, फुलं पुसली, पन धागा तुटंना. जाऊ कौतिकानं म्हनायची, "बगा आक्का, तुमच्या दोन लुगड्यांच्या वाकळा झाल्या, माजी हाय तशी हाय." अशी ती साडी रानात आली.

जवारीची मळनी हुती. ट्रॅक्टरपास्नं मशीनीपतुर एक लोखंडी दांडा फिरत असतो, त्येच्या जोरावर मशीन चालती. त्येच्यावर झाकन पायजे. न्हवतं. कुनाच्याच मशीनीवर नसतंय. मी कनसं खुडत हुते, हातात ईळा. जाऊ खुडल्याली कनसं पाटीनं मशीनीत टाकत हुती. मालक आनि दीर पोती धरत हुतं. मशीनवाला ट्रॅक्टरवर.

जॉर्जेट खोचली तर ऱ्हात न्हाय. कंबरंला खोचल्याला पदर निसटतो. तसा निसटला. वारं हुतं. पदर गेला दांड्यावर आनि दांड्यानं गुंडाळायला सुरवात केली.

ती वरडली न्हाय. येळच न्हाय मिळाला. पदर गळ्याभवती गच झाला आनि ती मागं वडली गेली, उलटी, पाठीवर. दांड्याला धरायला तिनं डावा हात लावला तर हातबी त्येच्यात गुतला. हाड मोडल्याला आवाज मला मशीनीच्या आवाजात ऐकू आला. मी दोन पावलावर. ईळा हातात. मी धावले, पदर धरला, ईळा उचलला.

आनि थांबले.

आता हे सांगायला पायजे. मी लगीन हून आले तवा पंदरा वरसाची आसंन. एकदा रानात बाबळीच्या फांदीत माजं लुगडं गुतलं. सुटंना, म्हनून मी ईळ्यानं तेवडं टोक कापलं आनि आले. सासूनं बगितलं. आमच्यात जित्या बाईच्या अंगावरलं कापड चिरत न्हाईत. मयताच्या अंगावरलं चिरत्यात. जितीचं चिरलं तर नवऱ्याच्या जिवावर येतं म्हनत्यात. सासूनं मला चुलीम्होरं बसवलं, चूल फुकायच्या लोखंडी फुकारीनं हातावर मारलं. उजव्या हातावर. मोजून न्हाय, दमंपतुर. म्हनली, "ज्या हातानं कापलं त्यो हात." वर म्हनली, "नवऱ्याला खायाला आलीयास." बोटं आठ दिस वाकली न्हाईत. भाकरी डाव्या हातानं थापली.

त्यो हात थांबला. मी न्हाय थांबवला. हातच थांबला. एक, दोन, तीन म्हनायला जेवडा येळ लागतो तेवडाच. तेवड्या येळात तिचं डोस्कं दांड्यापतुर गेलं आनि केस गुतलं, कानासकट.

मग मी कापलं. पदर कापला, केस कापलं, काय काय कापलं मला ठावं न्हाय. ईळा तिच्या खांद्यातबी घुसला. तवर मशीनवाल्यानं मशीन बंद केली. ती खाली पडली. जवारीच्या राशीवर रगत पडलं आनि रास लाल झाली, त्या राशीच्या कडंची दोन पाट्या जवारी मागनं जनावरास्नीबी घातली न्हाय, पुरली.

मशीनवाल्याच्या गाडीत घालून कुर्डुवाडीला नेली. तितनं सोलापूरला धाडली. मी मागं तिचं डोस्कं मांडीवर घिऊन. माजं लुगडं फाडून बांदलं. ते सुताचं, चरकन फाटलं. तवा मला कळलं की तिच्या साडीच्या जागी माजं लुगडं असतं तर ते आपसूक फाटलं असतं आनि बाई सुटली असती. नव्या साडीत एकच वाईट हुतं, ती फाटत न्हवती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दीर मला म्हनला, "वयनी, माज्या जित्यापनी तुमी तिचा पदर कापला." डोळ्यात पानी, पन सबूद ह्येच. मी काय बोलायच्या आत मालकांनी माज्या थोबाडीत दिली. सगळी बगत हुती. डाक्टरीन बाई बगत हुती. भावाला बरं वाटावं म्हनून दिली, मला ठावं हाय. मी भितीला टेकून बसले. रडले न्हाय. रडायला तवा येळ न्हवता, आत टाकं घालत हुतं.

डावा कान गेला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. हात दोन जाग्याला मोडला. गळ्याभवती वळ उठला दोरखंडासारका, त्यो अजून हाय.

चौथ्या-पाचव्या दिशी ती माज्याशी बोलली. आवाज घोगरा.

"आक्का, तुमी थांबला हुता."

म्हनलं, "व्हय."

"मी बगितलं तुमच्याकडं. ईळा वर हुता. का थांबला?"

मी सांगितलं. बाबूळ, फुकारी, सगळं. ती पट्ट्यातनं हासली. हासताना तिला दुकलं. म्हनली, "म्हातारी मरून ईस वरसं झाली, आनि अजून मारतीया बगा."

मी तिचे पाय धराय गेले तर तिनं पाय वडून घेतलं. "थोरल्या हाय तुमी. असलं करू नगा. मला चूळ भराय पानी द्या."

दवाखान्यातनं सोडलं त्या दिशी ती म्हनली, घरी जायच्या आदी नव्या पेठंत जायचं. मी म्हनलं, आगं हात गळ्यात बांदल्याला, गर्दी किती, कुनी धक्का दिला तर? ऐकंना. रिक्षानं गेलो. पंजाबी डरेसच्या दुकानात शिरली. दुकानदार बरा मानूस हुता, स्टूल दिलं.

"मुलीसाठी का, मावशी? कॉलेजला आहे का?"

"न्हाय. माज्यासाठी."

त्येनं तिच्या कानाकडं बगितलं, मग हळूच म्हनला, "तुमच्या वयाला साडीच शोभती, मावशी. चांगल्या कॉटनच्या दावू का?"

"शोबायला मी कुनाच्या लगनात चाललीया का? मळनी करायची हाय. बाह्या आवळ पायजेत. खाली घेर नगं."

त्येनं दोन काडलं. वर वढनी ठिवली. तिनं वढनी बाजूला सारली.

"वढनी सेटमदीच येती, पैसं वेगळं न्हाईत."

"फुकट असली तरी नगं. वढनी बी पदरच हाय की."

दुकानदारानं वढन्या माघारी ठिवल्या आनि दोनी डरेस बांदून दिलं.

घरी तिनं पंदरा दिस त्यो डरेस टरंकंतनं काडला न्हाय. मग रानात जायला लागली तवा घातला. हात वाकत न्हवता, मीच घालू लागले. आरशात बगायला गेली न्हाय.

दीर गोट्यात हुता. त्येनं बगितलं आनि त्येचं तोंड काळं पडलं. "काय गं हे? चव्वेचाळीस वरसाची घोडी, पोरगी व्हायला निगालीस? उंद्या लोक म्हनतील, कान गेला तशी लाजबी गेली."

ती म्हनली, "लोक म्हनूंदेत. लोकांचा कान हाय जाग्यावर."

त्येनं बैलाचा कासरा काडला. वला हुता. पैला तिच्या पाठीवर बसला, दुसरा मोडल्या हातावर. ती खाली बसली आनि मोडका हात पोटात धरला. त्यो म्हनत हुता, "साडी नेस, न्हाय तर केमची गाडी धर." दर सबदाला एक कासरा. मालक ओट्यावर बसून तमाकू मळत हुतं. म्हनलं, "नवराबायकूचं हाय. तू मदी पडू नगंस."

तीस वरसं मी असल्या टायमाला चुलीपाशी जायची आनि भांडी वाजवायची, ऐकू येऊ नये म्हनून. त्या दिशी चूल पेटल्याली हुती, भाकरी तव्यावर हुती. मी भाकरी उतरवली न्हाय. भाईर आले आनि तिच्या अंगावर वाकले. कासरा माज्या तोंडावर बसला. म्होरचा दात तितंच पडला, मातीत. मी कासऱ्याचं टोक धरलं आनि सोडलं न्हाय. त्यो वडायला लागला, तर मी फरफटत गेले, पन सोडलं न्हाय.

"वयनी, सोडा."

"न्हाय सोडत."

"सोडा म्हंतो ना!"

"भावजी, मागच्या येळंला मी थांबले तर हिचा कान गेला. आता न्हाय थांबत. मारायचं तर मला मारा, मी काय म्हाग न्हाय."

माज्या तोंडातनं रगत गळत हुतं. थोरल्या भावजयीवर त्येचा हात आदी कदी पडला न्हवता, त्येला त्येचीच भीती वाटली. कासरा टाकून निगून गेला. मालकांनी तमाकू तोंडात टाकली. भाकरी जळली ती मीच खाल्ली.

डरेस त्येनं त्याच सांजंला चुलीत घातला. दुसरा मी माज्या गटुड्यात दडवला हुता, त्यो वाचला.

म्होरच्या साली पुन्ना मळनी आली. मशीनवाला त्योच. मशीन लावली, झाकन लावून आनल्यालं हुतं औंदा, नवं, पत्र्याचं. जाऊ साडी नेसून, पाटी घिऊन उबी. मशीनवाल्यानं ट्रॅक्टर चालूच केला न्हाय. खाली उतरला.

दिराला म्हनला, "पाव्हनं, पदरवाली बाई मशीनपाशी नगं मला."

"मग? कनसं कोन टाकायची?"

"ते तुमचं तुमी बगा. मागल्या साली माजी मशीन मी हातानं धुतलीया. दांड्याच्या सांद्यात केस हुतं. मला आजून जेवन जात न्हाय. तिला काय तरी आवळ घाला, न्हाय तर मी निगालो. दुसऱ्याचं खळं वाट बगतंय."

दीर दोन मिंटं उबा ऱ्हायला. मग बायकूकडं न बगताच म्हनला, "घाल जा ते तुजं."

एवडंच. जे बायकूनं सांगितलं तर कासरा, वयनीनं सांगितलं तर दात, ते भाईरच्या गड्यानं सांगितल्यावर दोन मिंटात झालं. मी गटुडं सोडून डरेस दिला. ती घालून आली. मशीनवाला माज्याकडं वळला, "मावशी, तुमी बी." मी मालकांचा जुना शर्ट लुगड्यावरनं चडवला, पदर आत कोंबला, बटनं लावली. मालक हासलं, "पोलीस पाटील दिसतीयास." मी म्हनलं, "पोतं धरा." मळनी झाली. कुनाला काय झालं न्हाय.

मार थांबला असं मी म्हननार न्हाय. अजून दुसऱ्या कशाकशावरनं हात उचलतो त्यो. पन डरेसवरनं न्हाय. आता तिच्याकडं चार हायत. एक लाल हाय, त्यो ती केमला नेती, भनीस्नी दावायला. तिच्या भनी आता तिला काय म्हनत न्हाईत.

माजं येवडंच मागनं हाय. हे वाचनाऱ्यानी आपल्या घरची बाई मळनीला, कडबा कुट्टीला, गिरनीला जात असंल तर आजच तिचा पदर आत कोंबा, आनि तिला जे आवळ नेसावं वाटतंय ते नेसू द्या. आनि कुनाचं कापड गुतल्यालं दिसलं तर ती कोन, कुनाची, जित्यापनी का मेल्यापनी, काय बगू नका. हातात आसंल त्येनं कापा.