मांडीवरचा नारळ

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. ते देवाकडे मागणार आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणणार. मीही लहानपणापासून म्हणत आले, पण त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. छोटं विमान चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा पहिले प्रवासी अर्थात बाबा. धावपट्टीवर नारळ फोडायला कोणी देईना, म्हणून स्वारी रुसली आणि नारळ मांडीवर घेऊनच शेजारी बसली.

उडालो, समुद्र दिसतो न दिसतो तोच इंजिन थरथरलं. पुरतं बंद पडलं नाही, हीच खरी पंचाईत! उरलेली निम्मी ताकद मोह घालत होती: वळ, धावपट्टी मागेच आहे, पोचशील. इतक्या कमी उंचीवर वळताना वेग गेला की विमान दगडासारखं खाली येतं, हे मला पाठ होतं. नाक खाली घेतलं, वेग राखला, इंधन तपासलं, रेडिओवर कळवलं. तरी मान सारखी मागे वळत होती. शेजारी बाबा होते हो! त्यांना घरी न्यायचं होतं मला.

तेवढ्यात हेडफोनमध्ये बाबांचा देवळातला आवाज घुमला, "बा देवा म्हाराजा! माघारी न्हेवकच व्हया असा काय नाय. फुडे खंय ठेवशीत थंय सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

माघारी नेलंच पाहिजे असं नाही, पुढे जिथे ठेवशील तिथे! "व्हय म्हाराजा!" माझ्या तोंडून आपसूक निघालं आणि घट्ट आवळलेले हात सैल झाले. समोर ओहोटीची कडक वाळू लांबवर मोकळी पडली होती. ती नक्की गाठतो असं दिसताच उरलेलं निम्मं इंजिनही मी स्वतःच्या हाताने बंद केलं. विमान धडधडत टेकलं, थांबलं. मी रडले, हसले, बाबांना मिठी मारली. मध्ये नारळ!

बाबांना विमानातलं काही कळत नाही. ते शब्द त्यांना कोणी सुचवले, हे मी विचारत बसत नाही. निम्मा भरवसा देवावर आणि निम्मा मागच्या वाटेवर ठेवून भागत नाही, एवढं मात्र मला कळलं.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं धावत आली. भरतीच्या आत त्यांनी जाळ्याच्या दोरांनीच विमान वर ओढून घेतलं. मग बाबांनी वाळूत उभं राहून एकदाचा नारळ फोडला आणि मला, आपल्या लेकीला, शेजारी उभं करून हात जोडले, "माझ्या चेडवाक परत उडूक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किनारा ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.